पिवळं कडं

हाकोदाते
२० एप्रिल २०१९

शोहेइ,

मायना काय लिहावा यातच माझा अर्धा तास गेला. चिरंजीव लिहावं तर तू पासष्ट वर्षांचा घोडा, आणि प्रिय वगैरे लिहायची आपल्या घरात पद्धत नव्हती. म्हणून नुसतं नाव. रागावू नकोस. रागवायला तुझ्याकडे आधीच पुष्कळ कारणं आहेत.

दर नवीन वर्षाला तुझं कार्ड येतं आणि त्यावर एकच ओळ असते, ‘ताई, तिकडे वारा कसा आहे?’ मी उलट लिहिते, ‘जोराचा आहे.’ झाला आपला पत्रव्यवहार! आओमोरी म्हणजे काही चंद्र नव्हे रे. समुद्राखालच्या बोगद्यातून गाडीने आलास तर दुपारच्या जेवणाला पोचशील. आभाळ मोकळं असलं की आपल्या उतारावरून पलीकडच्या किनाऱ्याचे डोंगर दिसतात. मी रोज बघते आणि मनात म्हणते, त्या डोंगरामागे कुठेतरी माझा भाऊ मिशीला कंगवा करत बसला असेल. मिशी अजून आहे ना?

आज लिहायचं कारण घर. वरच्या मजल्याच्या फळ्यांचा रंग पोपडे धरून गळायला लागलाय. खालचा मजला आपला जाळीच्या दारांचा, लाकूड तसंच ठेवलेलं, त्याला काही धाड भरलेली नाही. पण वरचा, आजोबांनी हौसेने साहेबी थाटाचा केलेला, तो समुद्राचा वारा खाऊन खाऊन पार उघडा पडलाय. इगारी रंगारी येऊन बघून गेला. म्हणाला, ‘मित्सुएबाई, या उन्हाळ्यात रंग दिला नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात मला बोलावू नका, सुताराला बोलवा.’ जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो शिडी लावणार आहे.

तर कुठला रंग द्यायचा? तू सांग. तूही याच घरातला आहेस. राखाडी मला नको झालाय.

आणखी एक गंमत. विद्यापीठातली एक मुलगी येऊन गेली, चिनात्सु नावाची. केस निळे. या मुलांनी एक उद्योग काढलाय. जुन्या घरांच्या भिंतीवर तळहाताएवढी जागा घ्यायची आणि पॉलिशपेपरने हळूहळू घासत जायचं. वरचा रंग गेला की खालचा दिसतो, त्याखाली त्याच्या आधीचा, अगदी लाकडापर्यंत. झाडाच्या खोडाला असतात तशी रंगांची कडी उमटतात म्हणे, एकात एक. मग त्यावरून कुठल्या काळात गल्ली कुठल्या रंगाची होती ते काढतात. आपल्या भिंतीवर घासू का म्हणून परवानगी मागत होती.

शेजारची तोमेको तिथेच उभी होती. बाईच्या जिभेला हाड नाही, तुला माहीतच आहे. वय ब्याऐंशी, पण धार तशीच. म्हणाली, ‘बाई गं, आमचे नवरे आयुष्यभर रंग चढवत मेले आणि तुम्ही खरवडायला आलात!’

मी मुलीला म्हटलं, विचार करून सांगते. रंगाचं कळव.

मित्सुए


हाकोदाते
८ मे २०१९

शोहेइ,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. मधल्या काळात सम्राट बदलले, युग बदललं, कॅलेंडरवर रेइवा पहिलं साल आलं. आपल्या दोघांचं मात्र जुन्या शोवा युगात जे अडकलंय ते तिथेच आहे.

मी त्या मुलीला हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय देणार? दोनदा नको म्हणायचा प्रयत्न केला, तर तोमेको म्हणाली, ‘का गं, भिंतीत प्रेत पुरलंयस की काय?’ मग काय, शनिवारी तीन मुलं आली. गच्चीच्या कडेच्या खिडकीखाली, वाऱ्यापासून आडोशाला असलेली फळी त्यांनी धरली आणि दिवसभर खसाखसा घासत बसली. मी त्यांना माकुळ घालून केलेला भात खाऊ घातला. माकुळसुद्धा आता औषधाला मिळत नाही रे. सकाळी ‘माकुळ, माकुळ!’ ओरडत टेंपो यायचा तो बंद झाला. तीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात माकुळ चिरली, हाताचा वास जायचा नाही, आणि आता एकासाठी बाजारात तीन दुकानं फिरते.

पण कडी उमटली हो! बघून मीच थक्क झाले.

अगदी मधे लाकूड. त्याच्या भोवती फिकट हिरवट निळा, तो आजोबांचा. १९०७ च्या आगीत सगळा उतार जळून गेल्यावर त्यांनी हे घर उभं केलं तेव्हाचा. घर जळलं म्हणून लोक गाव सोडतात. आपल्या गावाने काय केलं, तर अधिक हौसेने बांधलं, खिडक्यांना नक्षी केली आणि रंग दिला. मग मळकट पांढरा, आणि त्याच्यावर काळपट रेघ. चिनात्सु म्हणाली, ‘आज्जी, ही काजळी आहे. चौतीस सालच्या आगीची असेल.’ बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. वारा दुसरीकडे वळला म्हणून आपली बाजू वाचली, पण आजोबांनी रात्रभर छपरावर उभं राहून ओली घोंगडी टाकली होती, ते बाबा किती वेळा सांगायचे! त्यावर युद्धातला जवळजवळ काळा तपकिरी. आणि मग, हसशील, गुलाबी! अगदी मिठाईसारखा. अमेरिकन सैनिकांच्या छावणीतून रंगाचे डबे बाहेर आले आणि अख्खी गल्ली गुलाबी झाली होती, तोमेकोला आठवतंय. ‘पोटात अन्न नव्हतं, पण घरं नवरीसारखी,’ म्हणाली. या गावाला नव्याची हौस पहिल्यापासून. भूक लागली तरी आधी काय नवीन आलंय ते बघणार.

मग राखाडी.

तो कुठल्या सालचा हे कुणी सांगायला नको. चोपन्न. मी पाच वर्षांची होते, तू रांगत होतास. वादळात आगबोट उलटली आणि धाकटे काका गेले. बाबा चार दिवस किनाऱ्यावर फिरत होते, प्रेतांवरच्या चटया उचलून तोंडं बघत. पाचव्या दिवशी काकांना घेऊन आले. दहन उरकलं आणि त्यांनी गोदीतून जहाजांचा राखाडी रंग आणला, शिडी लावली, गुलाबी घर राखाडी केलं. आपले बाबा बोलायचे ते ब्रशने. त्यानंतर राखाडीवर राखाडी, राखाडीवर राखाडी.

अशी ही गंमत. वरच्या बाजूला अजून एखाददुसरं कडं आहे, विशेष काही नाही.

रंगाचं कळव. इगारीला डबे मागवायचेत.

मित्सुए


हाकोदाते
२१ मे २०१९

शोहेइ,

तुझं कार्ड आलं. पुन्हा एकच ओळ. पण यंदा वारा नाही विचारलास. ‘ताई, त्या कड्यांत पिवळा आहे का?’

मी दारात उभी राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. तोमेको विचारायला लागली, ‘काय गं, कोण गेलं?’

आहे पिवळा. राखाडीच्या मधे, पातळसा. दोऱ्याएवढं कडं. चिनात्सु म्हणाली, ‘आज्जी, हा रंग फार तर वर्षभर टिकवलाय. लगेच कुणीतरी झाकलाय. असं का केलं असेल?’ मी म्हटलं, मला काय माहीत, मी घरात नसेन. मी घरातच होते. गोदीत जो रंग उरेल तो बाबा लावायचे, तसाच कधीतरी लावला असेल.

इथे चेरीचा बहर संपला. गुडघा दुखतो. उतार चढताना दोनदा थांबावं लागतं.

मित्सुए


हाकोदाते
३ जून २०१९

शोहेइ,

मागचं पत्र फाडून टाक. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि माझं तर भिंतीवरच फुटलंय. भिंतीला कान असतात म्हणतात, आपल्या भिंतीला तोंडही निघालं. रोज खिडकी उघडायला गेले की ते कडं माझ्याकडे बघतं. दहा दिवस झाले, त्यावर कॅलेंडर टांगून बघितलं. बाहेरच्या भिंतीवर कॅलेंडर! तोमेको म्हणाली, ‘डोक्यावर परिणाम झालाय हिच्या.’

आता सगळं सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

अठ्ठ्याऐंशी सालचा मार्च. बोगदा सुरू झाला, आगबोटी बंद झाल्या. तू बोटीवरचा माणूस, आणि तू त्याच बोगद्यातल्या गाडीवर नोकरी धरलीस. बाबांनी तीस वर्षं त्या बोटींना रंग दिलेला. ते म्हणाले, ‘ज्याने बोट मारली त्याची चाकरी करणारा माझ्या दारात नको.’ तू म्हणालास, ‘काका बुडाले म्हणूनच तर बोगदा खणला ना!’ काकांचं नाव निघालं आणि बाबांनी हातातला ब्रश फेकला. तो तुझ्या कपाळाला लागला. राखाडी रंग तुझ्या भुवईवर होता आणि तू तो न पुसता घराबाहेर पडलास.

शेवटच्या बोटीने तू गेलास. अख्खं गाव धक्क्यावर, बँड वाजतोय, कागदी फिती उडतायत, म्हातारी माणसं हमसून रडतायत. बाबा घरीच बसले, पाठ करून. तू माझ्या हाताला धरून म्हणालास, ‘ताई, बाबा तोंडाने कधी बोलायचे नाहीत. त्यांना सांग, राग गेला की घर पिवळं करा, माझ्या बोटीच्या रंगाचं. तू मला कळव. मी सानाएला घेऊन जोडीने जुलैत तानाबाताच्या सणाला येतो.’

मी बाबांना सांगितलं, शब्दन् शब्द. ते ब्रश धूत राहिले. पण बर्फ वितळला, फळ्या सुकल्या, आणि मे महिन्यात एके सकाळी शिडी लागल्याचा आवाज आला. शोहेइ, बाबांनी घर पिवळं केलं. गोदीतल्या रंगात तीनदा मिसळण करून, तुझ्या बोटीचा अगदी तोच रंग आणला. अडुसष्टाव्या वर्षी, एकटे शिडीवर. गल्ली जमा झाली. तोमेकोने विचारलं, ‘कोण येतंय हो?’ तर बाबा हसले. काका गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

खाली उतरून मला म्हणाले, ‘लिही त्याला.’

मी लिहिलं. काय लिहिलं ते तुझ्याजवळ असेल, तू जपून ठेवणाऱ्यातला आहेस. ‘घर राखाडीच आहे. बाबा तुझं नाव काढू देत नाहीत. येऊ नकोस, उगाच गल्लीत शोभा होईल.’

पिवळ्या भिंतीच्या आत बसून मी हे लिहिलं. रंगाचा वास येत होता.

का लिहिलं, तर भीती. मला एसाशीच्या सासरहून परत पाठवून दोन वर्षं झाली होती, मूल होत नाही म्हणून. एक बोचकं घेऊन आले होते. बाबांनी काही विचारलं नाही, जेवायचं ताट मांडलं. तेवढं एक ताट होतं मला जगात. मला वाटलं, तू येणार, सानाए येणार, उद्या तुमची मुलं होणार. मग ही एकोणचाळीस वर्षांची टाकलेली नणंद कुठल्या खोलीत ठेवायची, अशी कुजबुज सुरू होणार. सानाए तसली नव्हती, आता कळतं. तेव्हा मला सगळ्याच बायका माझ्या सासूसारख्या दिसायच्या.

पेटीत पत्र टाकलं आणि परत येताना उतारावरून दोनदा मागे वळून पेटीकडे बघितलं. पण दुसरं पत्र लिहून पहिलं खोडलं नाही. तीस पावलांवर पेटी होती, शोहेइ. तीस पावलं.

तानाबाता आला. तू येतो म्हणाला होतास तो दिवस. बाबांनी दाढी केली, पायरीवर बसले. तुला आठवतंय ना, संध्याकाळी पोरं कंदील घेऊन दारोदार मेणबत्त्या मागत फिरतात. दुसऱ्या गावात हे नाही म्हणे, आपल्याकडेच. बाबांनी त्या वर्षी मेणबत्त्यांचं खोकंच आणलं होतं, प्रत्येकाला दोन दोन दिल्या. प्रत्येक वेळी पोरांच्या मागे कुणी येतंय का म्हणून खाली उताराकडे बघायचे. मी वरच्या खिडकीत होते. शेवटी मला बघवेना, पडदा ओढला.

मी खाली दारात आले तर सगळ्यात शेवटी तोमेकोची नात उतार चढून आली. तिने बाबांना एक पुडकं दिलं, मेणबत्त्यांचंच, सुतळीने बांधलेलं. म्हणाली, ‘खाली एका काकांनी दिलं.’ देवळातलं कुणी असेल असं मला वाटलं. बाबांनी ते हातात घेतलं आणि सुतळीवरून अंगठा फिरवला. मग आत आणून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं. कधी सोडलं नाही. मी एकदा मेणबत्ती संपली म्हणून ते काढायला गेले तर माझ्या हातावर चापट मारली.

पुढच्या वसंतात त्यांनी पिवळ्यावर राखाडी चढवला. मी विचारलं, एवढ्यात का? तर म्हणाले, ‘ज्याला बघायचं होतं त्याने बघितलं.’ म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं मी समजले. तुझ्याबद्दल त्यांनी मला परत कधीच विचारलं नाही. तू पण रंगाबद्दल परत कधी विचारलं नाहीस. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं मी दोघांच्या बाबतीत म्हणत आले. म्हणायला बरं होतं ते. पंच्याण्णव साली बाबा गेले तेव्हा मी तुला तार केली, तू आला नाहीस, नुसत्या उदबत्त्या पाठवल्यास. गल्ली तुला नावं ठेवत होती आणि मी मान खाली घालून चहा वाटत होते.

हे माझं पाप. मुलाने पाठ फिरवली असं समजून बाबा गेले, आणि बापाने पाठ फिरवली असं समजून तू म्हातारा झालास. आणि मी मधे बसून तीस वर्षं दोन वेळचं जेवले.

माफी मागायचं मला तोंड नाही, पण मागते. जमिनीला कपाळ टेकून मागते. तुला शिव्या द्यायच्या असतील तर पानभर दे, पण या वेळी एका ओळीवर नको रे.

मित्सुए


आओमोरी
१७ जून २०१९

ताई,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. चार वेळा लिहून फाडलं. सानाए म्हणाली, आता पाचवं फाडलंत तर मीच लिहीन.

मी आलो होतो.

अठ्ठ्याऐंशीच्या तानाबाताला. सानाएला घरी ठेवून एकटाच. तुझं पत्र खिशात होतं. वाटलं, घर राखाडी तर राखाडी, दुरून बघून येऊ. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरलो, उताराखाली आलो आणि मान वर केली. घर पिवळं. पायरीवर बाबा. वर खिडकीत तू.

मी पत्र काढून पुन्हा वाचलं. वाटलं, मी चुकीचं वाचलं असेल. मग परत वर बघितलं तर तू पडदा ओढलास. तेव्हा कळलं.

त्या वेळी पोरं आली मेणबत्त्या मागत. मी त्यांना विचारलं, त्या पिवळ्या घरातले आजोबा बरे आहेत का? ती म्हणाली, एकदम भारी आहेत, दोन दोन देतात. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पुडकं घेतलं आणि एका मुलीबरोबर वर पाठवलं. मग शेवटची गाडी धरली.

वर का आलो नाही, ते सांगतो. तू मला देवमाणूस ठरवशील, तसं काही नाही. आधी राग आला. एवढा, की वाटलं वर जाऊन बाबांसमोर पत्र टाकावं. पाच पावलं चढलोसुद्धा. मग विचार आला, बाबा हे वाचतील आणि ताईला घराबाहेर काढतील. त्यांचा स्वभाव. मला नोकरी होती, बायको होती. तुला कोण होतं? एवढं खोटं लिहिणारी बाई किती घाबरली असेल. तू एसाशीहून आलीस तेव्हा तुला धक्क्यावरून घरी मीच आणलं होतं, ताई. ते बोचकं मी उचललं होतं. काहीच वजन नव्हतं त्याला.

म्हणून परत फिरलो. पुढे दर वर्षी वाटायचं, यंदा जाऊ. पण मग तुला कळलं असतं की मला कळलंय. त्यापेक्षा वारा विचारणं सोपं. बाबा गेले तेव्हा यायला हवं होतं. ते माझं चुकलं, तुझं नाही. स्टेशनवर काळा कोट घालून दोन तास बसलो आणि घरी आलो. त्या दोन तासांचं मला अजून काही करता आलेलं नाही.

पण एक सांगतो. ते पुडकं मी सुतळीने बांधलं तेव्हा हात सवयीने चालले. बोटीवरची दुहेरी गाठ मारली. ती मला बाबांनी शिकवली होती, गोदीत, मी सात वर्षांचा असताना. डाव्या हाताने ओढून. आम्ही दोघंच डावरे. ती गाठ बाबांनी ओळखली नसेल असं होणारच नाही. तू लिहिलंस ते काय म्हणाले होते, ज्याला बघायचं होतं त्याने बघितलं. ते मी पन्नास वेळा वाचलं. सानाए म्हणते, कागद झिजेल.

गाठ अजून आहे का, बघ.

मिशी आहे. पांढरी झाली.

शोहेइ


हाकोदाते
२२ जून २०१९

शोहेइ,

गाठ आहे. देव्हाऱ्याच्या खणात, उदबत्त्यांच्या मागे. सुतळी काळी पडलीय, पण गाठ जशीच्या तशी, डावीकडे ओढलेली. मी पुडकं मांडीवर घेऊन इतकी रडले की तोमेको भिंत ठोकायला लागली.

म्हणजे बाबांना कळलं होतं. तू येऊन गेलास ते कळलं होतं, आणि का वर आला नाहीस तेही कळलं असणार. म्हणून मला परत विचारलं नाही. सात वर्षं माझ्या हातचं जेवले, ‘मीठ कमी आहे’ म्हणाले, आणि ती एक गोष्ट पोटात घेऊन गेले. आणि तू पलीकडे बसून तेच केलंस. दोघांनी मिळून मला सांभाळलंत आणि मला पत्ता नाही! मी आपली समजत होते, मी तुम्हाला फसवलं. आता तुमच्यासमोर डोकं टेकू, की बाबांच्या फोटोला आणि तुला दोघांना एकेक ठेवून देऊ, ते ठरत नाहीये. तू आलास की ठरवते.

तू येतो आहेस. हे मी विचारत नाहीये. सात जुलैला, तानाबाताला. सानाएला घेऊन ये, खोली झाडून ठेवलीय, समुद्राच्या बाजूची. माकुळ कुठूनही मिळवते, तोमेकोचा जावई अजून बोटीवर जातो. हल्ली पोरांना सगळे मिठाई देतात, मी मात्र मेणबत्तीच देते. पुडकं तू सोडायचंस. एकतीस वर्षांची गाठ माझ्या बोटांना सुटायची नाही.

इगारीला मी सांगितलं, तू फक्त शिडी लाव आणि धर. रंग मी कालवते. तो म्हणाला, ‘बाई, सत्तरीत शिडीवर चढणार?’ मी म्हटलं, आमच्याकडे अडुसष्टाव्या वर्षी चढलेत. तीनदा मिसळण केली, तिसऱ्यांदा जमली. चिनात्सुने घासलेली तेवढी तळहाताएवढी जागा मात्र तशीच ठेवणार आहे, कुणी काहीही म्हणो.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतर. उताराखाली आलास की मान वर कर. घर कुठल्या रंगाचं आहे ते मी लिहीत नाही. या बाबतीत माझ्या पत्रावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं तरी तू शिकला असशील. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि या वेळी वर ये.

ताई